चोच दिसली तर मिठागर राहील

लामदुआनताईस धाकट्या थोंगदीचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही, जागे असतील तर. तुझा गुडघा कसा आहे? बँकॉकच्या त्या जिन्यांनी पार वाट लावली असेल त्याची. इकडे मीठ बरं पडतंय, आणि माझ्या घशाखाली कालपासून घास उतरलेला नाही (दोन वाट्या शेवया सोडल्या तर).

तुझी अट मी विसरलेलो नाही. पक्ष्यांच्या पाहणीवाल्या बाईंच्या वहीत चमचाचोच्याची नोंद झाली तर तू सही करणार नाहीस. नाही झाली तर शनिवारी बाबांचं मिठागर त्या सौरवीजवाल्या कंपनीच्या घशात. बाईंचा नियम असा, की दोघांनी डोळ्यांनी चोच पाहिली पाहिजे. आता पक्षी केवढा, तर चिमणीएवढा. तस्सेच दिसणारे आणखी तीनशे, आणि फरक काय तो चोचीच्या टोकाला! त्यातून थवा उत्तरेकडे निघायच्या बेतात. आज नाही तर संपलंच.

पहाटे भरतीने चिखल बुडाला आणि थवा आपल्या तिसऱ्या वाफ्यात उतरला (पाणी बरोबर दोन बोटं राहावं म्हणून मी चार दिवस उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या फळीला, चिकटून होतो). एका दुर्बिणीला बाई, दुसरीला सरपंच चामनान. बाईंनी लगेच हेरला. मान लालसर व्हायला लागलेली, तोच असणार! पण महाराज झोपलेले, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. सहा वाजले, सात वाजले. बाई श्वास रोखून, सरपंच घामाघूम, मी मनात नवस बोलतोय. ओहोटी लागली. पाणी उतरलं की थवा चिखलावर जाणार, आणि हा मेला एका पायावर ढिम्म!

आणि आठ वाजले. शाळेच्या भोंग्यावर रोजचं राष्ट्रगीत सुरू झालं. मास्तर असताना तो भोंगा मिठागराकडे वळवून घेणारा दीडशहाणा कोण, ते तुला ठाऊक आहेच. मजूर, बाई, सगळे शाळेच्या झेंड्याकडे तोंड करून ताठ, पक्ष्यांकडे पाठ. मीही, अर्थातच. गीत संपून बाई वळतात तो थवा गेलेला. त्यांनी वहीत 'खात्री नाही' असं लिहिलं. मला रडू आलं, ताई, खोटं कशाला बोलू.

तुझा,
थोंगदी

ता. क. ताडगुळाचा डबा पाठवतोय. भाऊजींपासून लपवून ठेव.

ता. क. दुसरा. मी ताठ नव्हतो. बाईंच्या दुर्बिणीला वाकलो होतो. भोंग्याने तो पक्षी दचकला, चोच वर काढली, आणि टोकाला हा एवढासा चमचा! पण सांगू कोणत्या तोंडाने? बावीस वर्षं मास्तरकी करून राष्ट्रगीताला हललेल्या पोरांची नावं टिपली मी. तुझ्या पोराला नाक खाजवलं म्हणून अख्खं मैदान झाडायला लावलं होतं.

ता. क. तिसरा. संध्याकाळी सरपंच येऊन कानात म्हणाले, "मास्तर, वाकला होतात हं! पाहिलं मी." मी म्हटलं, "सगळ्यांची पाठ होती, मग तुम्हाला दिसलो कसा?" गडी चपला शोधायला लागला. म्हणजे तेही दुसऱ्या दुर्बिणीला वाकलेले, दोघांनी चोच पाहिलीय, ताई! उद्या गीत संपलं की त्याच भोंग्यावरून मी सगळं सांगणार आहे, बाईंना वही घेऊन बोलावलंय. सही करू नकोस. पोराला सांग, मामा मैदान झाडतोय. सरपंचांना अजून काही बोललो नाही, पण झाडू दोन आणून ठेवलेत.