उडणाऱ्या मुलीचं डोकं

तोक्यो, १४ सप्टेंबर २००४

ती. सातोए आत्यांस,
तोवाकोचा सा. न. वि. वि.

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवारी दुपारी तळ्याकाठच्या बागेत ‘जादूची दूत मोमोहा’ या मालिकेचे चित्रीकरण होते.
२. मोमोहा झाडावरून तळ्यावर झेप घेते, असा प्रसंग होता. उडणाऱ्या व्यक्तीच्या कमरेच्या तारा मी लावल्या होत्या. तारांनी काम चोख केले.
३. जवळच्या बालवाडीतील मुलांना बघायला बोलावले होते.
४. वळण घेताना गुडघ्यापर्यंत लांब असलेला गुलाबी केसांचा टोप निघाला आणि तळ्यात पडला.
५. टोपाखाली बारीक कापलेल्या केसांचे डोके होते. ते मुलीचे नव्हते.
६. एक बदक टोपावर जाऊन बसले.
७. एक मुलगी रडू लागली. मोमोहा बुडाली, आणि हा वर लटकलेला काका कोण, असे ती विचारत होती.

ही मालिका म्हणजे पूर्वीची कार्टून मालिकाच, आता खऱ्या माणसांना घेऊन केलेली. नायिकेचे काम करणारी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तिला खुर्चीवर चढायचीही भीती वाटते. म्हणून लांबून आणि पाठीमागून दिसणारी उड्डाणे एक पुरुष करतो. आमच्या क्षेत्रात यात नवल काहीच नाही.

चूक कशात आहे ते मी तपासले. चित्रात केसांना वजन नसते. खऱ्या केसांना असते, आणि लांब केसांत वारा भरला की ते शिडासारखे ओढतात. टोप नुसता चिकटपट्टीने बसवलेला होता आणि घामाने पट्टी सुटली. निर्मात्यांनी सांगितले आहे की ऑक्टोबरअखेरच्या मोठ्या उड्डाणात पुन्हा असे झाले, तर पुढची उड्डाणे संगणकावर करतील. मग त्या माणसाचे काम जाईल.

लग्नात नवरीच्या डोक्यावर घालायचे केसांचे टोप तुम्ही करता, ते दिवसभर हलत नाहीत. तसा एक गुलाबी करून मिळेल का? सामानाचा खर्च कंपनी देईल.

तब्येतीला जपावे. लोभ असू द्यावा.

तुमची,
तोवाको

*

क्योतो, १८ सप्टेंबर

चि. तोवाकोस,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र बघून फार बरं वाटलं. आत्याकडे काही काम निघालं असणार, हे पाकीट न फोडताच कळलं. उन्हाळा कसा गेला, गुडघा कसा आहे, हे विचारायला तुला जागा पुरली नसेल. बदकाला एक अख्खा आकडा देऊन बसलीस ना!

वाचताना एवढी हसले की शेजारच्या तोफूवाल्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांच्या मते त्या बदकालाच मालिकेत घ्यावं.

आता कामाचं. मी नवरीचे केस बांधते. काळे. चाळीस वर्षं काळेच बांधलेत. गुलाबी नायलॉन माझ्या कामाच्या पाटावर आलं तर आमचे वडील वरून खाली उतरतील, आणि त्यांना तारांचीही गरज लागायची नाही. तरी पण ते चिकटपट्टीचं वाचून मला राहवलं नाही. चिकटपट्टी! अगं, टोप चिकटवायचा नसतो, बसवायचा असतो. आत तांब्याचा पत्रा असतो, तो ठोकून ठोकून त्या एका डोक्याच्या हाडावर बसवावा लागतो. हाडाला घाम येत नाही आणि ते सुटत नाही. एवढं शिकलीस आणि हे तुला ठाऊक नाही, म्हणजे चूक माझीच. तुला कधी सांगितलंच नाही.

मोमोहा मला आठवते. तुम्ही दोघं भावंडं माझ्या टोपांच्या कारखान्यात बसून ती बघायचात. त्या कारट्याचं नाव मी या पत्रात घेणार नाही, पण तो उरलेसुरले केस डोक्याला बांधून माळ्यावरून उड्या मारायचा. आता खरोखर उड्याच मारत फिरतोय. शेवटचं कानावर आलं तेव्हा कुठल्याशा मालिकेत रबरी राक्षस होऊन मार खात होता. खाऊ दे. मी पासष्टीला आले, माझ्यामागे हा पाट सांभाळणारं दुसरं कुणी नाही, हे माहीत असून निघून गेला. जाताना म्हणाला, दुसऱ्यांच्या लग्नात आपला जन्म घालवायचा नाही. मीही म्हटलं, मग या दारात पाऊल टाकू नकोस. त्याला दोन वर्षं झाली. दोघंही शब्दाचे पक्के निघालो. घराण्याचा गुण, दुसरं काय.

तुझ्या त्या लटकणाऱ्या काकाचं डोकं पाठव. म्हणजे प्लास्टरचा साचा. करीन असं म्हणत नाही. बघीन.

वेळेवर जेव. माया आहेच, ती पत्रावर मोजू नकोस.

तुझी,
आत्या

*

तोक्यो, २६ सप्टेंबर

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? हे पहिल्या पत्रात राहून गेले.

वेगळ्या खोक्यातून थोडे गुलाबी केस आणि साचा पाठवला आहे. तो मीच काढला. दोन बिघडले, हा तिसरा. कपाळापासून मानेपर्यंत आहे. चेहऱ्याची गरज नसल्याने घेतला नाही. केस बारीक कापलेले आहेत, त्यांची जाडी अर्ध्या तांदळाइतकी धरावी.

तुम्ही त्या माणसाबद्दल काही विचारले नाही, तरी सांगते. तो तेवीस वर्षांचा आहे आणि मन लावून काम करतो. टोप पडल्यावर त्याला खाली घ्यायला मला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ तो हात पसरून, पायाची बोटे ताणून मोमोहासारखाच स्थिर राहिला. खाली आल्यावर त्या रडणाऱ्या मुलीपुढे गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला की मोमोहा केस धुवायला गेली आहे, मी तिची जागा धरून ठेवली होती. मुलीला ते पटले. निर्मात्यांना पटले नाही.

जुन्या कार्टूनचे चाहते आम्हाला रागाची पत्रे पाठवतात. एकाने चौदा पाने लिहिली आहेत. मोमोहा उडताना आधी तिचे केस उठतात आणि मग ती उठते. आमच्या मालिकेत हे उलटे होते, ही त्याची मुख्य तक्रार. ती बरोबर आहे.

कळावे. लोभात उणे पडू देऊ नये.

तुमची,
तोवाको

*

क्योतो, १ ऑक्टोबर

चि. तोवाकोस, अ. आ.

गुडघा ठीक आहे. मी ठीक नाही.

खोकं उघडलं, साचा हातात घेतला आणि मागून बोट फिरवलं. चेहऱ्याची गरज नसल्याने घेतला नाही म्हणे! पोरी, तुमच्याकडे माणसाला नाव चेहऱ्यावरून मिळतं. आमच्याकडे डोकं हेच नाव. हे मागून उजवीकडे चपटं झालेलं डोकं कुणाचं, हे मी सांगायला हवं का? दूध प्यायला की हा त्याच कुशीवर झोपायचा. रात्रीतून कितीदा उठून वळवायची मी त्याला! वळवलं की भोकाड. शेवटी तुझी आजी म्हणाली, राहू दे चपटं, मुलगाच तर आहे, टोप थोडाच घालायचाय त्याला.

आणि तू मला तेवीस वर्षांचा एक माणूस म्हणून कळवतेस! तुझ्या तोंडातून आजवर खोटं कधी निघालं नाही आणि खरं कधी पूर्ण निघालं नाही.

साचा दोन दिवस कपाटात बंद ठेवला. मग बाहेर काढला. तोफूवाल्या काकू म्हणाल्या, एवढा राग आहे तर फोडून टाका. मी म्हटलं, वा, किती स्वच्छ काढलाय, फोडायचा कसा? साचा खरंच चांगला काढलास. कानामागची कड कुणालाच नीट जमत नाही, त्यालाही कधी जमली नाही.

आता नीट ऐक. तांबं कापून ठेवलंय. पण साच्यावर टोप अर्धाच होतो. उरलेला जिवंत डोक्यावरच ठोकावा लागतो, त्याला इलाज नाही. तेव्हा डोक्याला पाठवून दे. पाऊल टाकू नकोस असं मी म्हटलं होतं खरं. त्याला सांग, पाऊल बाहेर ठेवून नुसतं डोकं आत आणता येत असेल तर तसं कर, नाहीतर पायासकट ये.

आणखी एक. टोप नीट बसला की पोरगा तिथलाच झाला. टोप बिघडला तर पोरगा आज ना उद्या इथे परत येईल. हे मला कळत नाही असं समजू नकोस. आणि मुद्दाम वाईट काम माझ्याच्यानं होणार नाही, हे तुलाही माहीत होतं. म्हणूनच मला लिहिलंस ना, लबाडे?

गुलाबी केस कमी पाठवलेस. आणखी पाठव.

तुझी,
आत्या

*

क्योतो, ११ ऑक्टोबर

ती. ताई, सा. न.

जिवंत आहे. आधी तेच सांगतो, कारण मला गाडीत बसवताना तुझा चेहरा श्राद्धाला निघाल्यासारखा होता.

आत्यानं दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ डोक्याकडे बघितलं आणि त्यालाच म्हणाली, या, बसा, वाळलात. पहिला सबंध दिवस ती डोक्याशीच बोलत होती. डोक्याला विचारलं, मासा खाणार का? मी हो म्हटलं, तर म्हणे तुला कुणी विचारलं?

काल दुपारी तिनं मला उलटं व्हायला सांगितलं. भिंतीला पाय लावून मी हातांवर उभा, डोक्यावर तो टोप, केस सगळे जमिनीवर, आणि ती गुडघा दुखत असताना खाली बसून माझ्या कानाशी हातोडी ठोकतेय. तेवढ्यात एक नवरी आणि तिची आई माप द्यायला आल्या. दोघी दारातच थिजल्या. आत्या वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, यंदा हीच पद्धत निघाली आहे, पण तुम्हाला जुनी हवी असेल तर तीही करून देऊ. त्यांनी जुनी घेतली.

मग मात्र थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, टोप पडला तेव्हा घाबरलास का? मी म्हटलं, उंचीला नाही, मुलं एकदम गप्प झाली त्याला घाबरलो. ती बराच वेळ ठोकत राहिली. मग म्हणाली, नवरीचा टोप हलला की मांडवसुद्धा असाच गप्प होतो. म्हणजे आपलं दोघांचं काम काही फार वेगळं नाही. मी उलटाच होतो, नाक गळत होतं. तिनं पुसलं.

हेही सांगतो. रात्री जेवताना मी म्हटलं की हा टोप बिघडला तरी मी दुसरं काही शोधीन, पण उडणं सोडणार नाही. तिला खोट्या आशेवर ठेवायचं नव्हतं. ती म्हणाली, भात घे. आणि मग, कळलं होतं रे मला, मासाही घे.

टोप मंगळवारी घेऊन येतो. आत्या म्हणते, तारावाल्या बाईला सांग, पट्टी लावलीस तर याद राख.

तुझा,
शुंपेइ

*

तोक्यो, ४ नोव्हेंबर

ती. आत्यांस,
तोवाकोचा सा. न. वि. वि.

उड्डाण शनिवारी झाले. या वेळी मनोरा होता आणि वारा आमच्या अंदाजापेक्षा जास्त. मी थांबायला सुचवले. शुंपेइ म्हणाला, आत्यानं याहून जोरात ठोकलंय.

मनोऱ्यावरून उडी, तळ्यावर पूर्ण फेरी, मध्ये एक कोलांटी. टोप जागचा हलला नाही. तुम्ही तांब्याचा भार मागे ठेवल्यामुळे झेपेच्या आरंभी मान किंचित वर येते आणि केस अंगाच्या आधी उठतात. दिग्दर्शकाला वाटले की ही युक्ती माझी. मी तुमचे नाव सांगितले. ते शेवटच्या नामावलीत येईल. टोपांसाठी एका व्यक्तीचे वेगळे नाव यायची ही या मालिकेतली पहिलीच वेळ. चौदा पाने लिहिणाऱ्या चाहत्याला ते दृश्य मिळेलच. तो आता कशाबद्दल तक्रार करणार, अशी आमच्याकडे पैज लागली आहे.

त्या बालवाडीलाही पुन्हा बोलावले होते. ती मुलगी आली होती. तिने शुंपेइला ओळखले नाही. मोमोहाला मात्र ओळखले, आणि केस चांगले वाळले का, असे ओरडून विचारले. त्याने वरूनच मान हलवली. कोलांटी ठरलेली नव्हती. ती त्यानंतर आली.

शुंपेइला पुढच्या वर्षाचेही काम मिळाले आहे. हे तो तुम्हाला स्वतः लिहील. चार दिवस तो पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे, तेव्हा उशीर झाला तर रागावू नये.

आता माझे. हे लिहायला मलाही वेळ लागला.

साचा काढताना दोन बिघडले असे मी लिहिले होते. दुसरा बिघडला नव्हता. तो वापरता आला असता. कानामागची कड मनासारखी आली नव्हती, म्हणून तिसरा काढला. टोप आल्यावर मी रात्री तो उलटा करून दिव्याखाली धरला आणि आतले हातोडीचे ठसे पाहिले. कोणता घाव आधीचा, कोणता नंतरचा, हे थोडेफार कळते. का, हे मात्र पुष्कळ ठिकाणी कळत नाही. ते समजून घ्यायचे आहे.

पाट पुढे कोण चालवणार, हे घरात नेहमी शुंपेइला विचारले गेले. मला कुणी विचारले नाही आणि मीही कधी बोलले नाही. यात दोष कुणाचा नाही. शुंपेइच्या जागी येण्याचा हा प्रस्ताव नाही, आणि तुमच्यावर दया म्हणूनही नाही. मी दयेने कामे करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझा हात तारांना सवयीचा आहे, तांब्याला नाही. सुरुवातीला बराच पत्रा वाया जाईल. माझा इथला करार मार्चअखेर संपतो. तो पुढे वाढवू नये, असे मनात आहे.

एप्रिलपासून मला शिकवाल का?

नाही म्हणालात तरी चालेल, असे आधी लिहिले होते. ते खोडले, कारण ते खरे नाही.

खोली सोडायची तर घरमालकिणीला आधी सांगावे लागते. म्हणून हो किंवा नाही, ३० नोव्हेंबरपर्यंत कळवावे.

तुमची,
तोवाको