पुढं केलेला हात

अब्बा, आज सातवीच्या वर्गात 'शाय' हा शब्द आला आणि तुमची फार आठवण झाली. मी वाईच्या शाळेत इंग्रजी शिकवते, हे बघायला तुम्ही राहिला नाहीत. नाहीतर आपल्या आष्ट्याच्या बाजारात केवढा तोरा मिरवला असतात! शब्द तसा एवढासा, पण त्याचा पसारा मोठा. माणूस लाजला की शाय, घोडा बुजून बाजूला सरला तरी तोच शब्द, आणि पास व्हायला दोन गुण कमी पडले तरी इंग्रज म्हणणार, दोन गुणांनी शाय. मी फळा भरून टाकला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज मी चारदा ऐकला असेल. म्हणाली, "मॅडम, मी यातली कुठली?" मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बस खाली, तास संपला." तास संपायला पाच मिनिटं होती.

हाच शब्द माझ्या बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं लिहिला होता आणि वक्तृत्व स्पर्धेतून माझं नाव काढलं होतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अर्थ विचारलात, तर मी रडत सांगितलं, "भित्री." रविवारी तुम्ही बांगड्यांची पेटी उचललीत आणि मला एका लग्नघरी घेऊन गेलात. घरात आपण दखनी बोलायचो, पण धंद्यावर तुमची जीभ अस्सल आष्ट्याची. नवरीनं हात पुढं केला आणि मूठ जी आवळली ती सोडेचना. तिची आत्या कडाडली, "एवढी काय भ्यायलीस गं? उरक की!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आवं आक्का, भ्याली न्हाई ती. भ्यालेला हात मागं जातो. ह्यो पुढं हाय, नुसता आकसलाय. जरा दम धरा." मग घरच्या शेळीला करडं किती झाली, त्यातलं खोडकर कुठलं, हे तिला विचारत बसलात. करडाच्या खोड्या सांगता सांगता ती हसली, तळवा सैल झाला, आणि हिरवा चुडा एकेक करत मनगटावर चढला. बांगडी फुटली असं तुम्ही कधी म्हणायचा नाहीत, वाढली म्हणायचा. त्या दिवशी एकही वाढली नाही.

सोमवारी तुम्ही पेटी खांद्याला लावून थेट शाळेत आलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, पोरगी हात पुढं करतीया," तुम्ही म्हणालात. "आकसती, पर पुढं करतीया. तुमी तेवढा दम धरा." बाईंनी यादी काढली आणि माझं नाव पुन्हा लिहिलं. स्पर्धेत मी दुसऱ्याच वाक्याला अडकले. सगळे कुजबुजायला लागले, पण बाई थांबल्या. दाराशी तुम्हीही पेटी घेऊन थांबला होतात. मग मी बोलले, शेवटपर्यंत बोलले. बक्षीस मिळालं नाही, पण तुम्ही घरी जाताना वाटभर हसत होतात. पुढं मी खूप शिकलेली माणसं पाहिली, अब्बा. तुमच्याइतकं माणूस ओळखणारं कुणी भेटलं नाही.

हे ज्या कागदावर लिहितेय, त्याच्या दुसऱ्या बाजूला आमच्या वक्तृत्व स्पर्धेची यादी आहे. त्यात त्या मुलीचं नाव होतं. तिनं स्वतः येऊन दिलं होतं. परवा मी ते खोडलं. पाहुण्यांसमोर ती अडकली तर माझी शोभा होईल म्हणून. उद्या यादी नव्यानं लिहीन, तिच्या नावापासून सुरू करीन. हा कागद माझ्याकडेच राहील. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच येत होतं. तिनं हात पुढं केला होता, अब्बा. मागं घेतला तो मी.