वायफाय नसलेला मदरबोर्ड

४ सप्टेंबर
कंपनीतला बॉयलरवाला अखेर बोलला! कॅमेऱ्यासमोर, न अडखळता. झडप गळते म्हणून त्याने वर कळवलं होतं. साहेब म्हणाले, एवढा महिना काढ. मग स्फोट झाला आणि तिघे गेले. उठताना म्हणाला, "ताई, चेहरा झाकल्याशिवाय कुणाला दाखवू नका. घरी मुली आहेत." शब्द दिला.

चित्रण एकाच डिस्कवर आहे. बाहेरच्या स्टुडिओत देणार नाही. स्फोटाच्या सुनावणीआधी घरीच चेहरा झाकायचा — पण त्यासाठी लागणारा कॉम्प्युटर अजून घ्यायचाय!

६ सप्टेंबर
दीर म्हणतो, पोटातच ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढायची सोय, असलेला प्रोसेसर घ्या, वेगळं कार्ड नको. पटलं. मदरबोर्डाला माझी अट एकच — वायफाय नको. बाहेरून आत यायला फटच नको. दीर हसला. म्हणे, वहिनी, कंपनीच्या गेटवर घसा फोडून भाषणं करता आणि घरात कडी लावता.

हसू दे. तिघे मेलेत.

७ सप्टेंबर
दुकानदाराने दोन बोर्ड पुढे ठेवले. वायफाय नसलेल्यावर मी हात ठेवला, तर म्हणाला, यावर तुम्हाला वेगळं कार्ड — पुढे बोलूच दिलं नाही. नको ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या धंद्यावर जे सुचलं ते सगळं ऐकवलं. लोक थांबून ऐकू लागले, एकाने टाळी वाजवली. दुकानदाराने मुकाट बोर्ड पिशवीत घातला.

टाळीवाला पायरीवर भेटला. आवाज ओळखला म्हणाला, गेटवर ऐकतो तुम्हाला. एवढ्या मशीनचं काय करणार? "खरं काय ते दाखवणार," मी म्हटलं.

उगाच बोलले. त्याच्या हातात सामान काहीच नव्हतं.

९ सप्टेंबर
दिराने आणि मी सगळं जोडलं. डिस्कही आत बसवली. शेवटी स्क्रीनची वायर हातात घेतली — आणि लावायला जागाच नाही! मागची सगळी पट्टी चाचपली. माउसला आहे, स्पीकरला आहे, स्क्रीनला नाही. दीर म्हणाला, प्रोसेसर चित्र काढेल हो, पण ते बाहेर सोडायला या बोर्डाला दारच नाही.

दुकानदार हेच सांगत होता. मी भाषण जिंकले.

१० सप्टेंबर
दिवसभर गेटसभा. घरी आले तर दीर कॉम्प्युटरचा सगळा डबा दुकानात ठेवून आलेला. बोर्ड बदलतील, चित्र येतंय का बघतील, उद्या देतील.

"आणि डिस्क?"

"आतच आहे की. तुम्हीच तर आवळलीत."

धावत गेले. शटर खाली, आत उजेड. शटर वाजवलं. उजेड गेला.

११ सप्टेंबर
डबा मिळाला. नव्या बोर्डाला स्क्रीनची जागा आहे, वायफायही नाही. डिस्क जागेवर. पण तिचे स्क्रू मी आवळले होते त्याहून घट्ट. दुकानदाराला विचारलं, तर म्हणे बोर्ड काढायचा तर डिस्क आधी काढावी लागते. पटण्यासारखं आहे. मी पटवून घेतलं.

माझ्याकडे बघून मात्र बोलला नाही.

१३ सप्टेंबर
चेहरा झाकून झाला. जन्मदात्या आईलाही ओळखू येणार नाही.

हे सांगायला बॉयलरवाल्याला फोन लावला. त्याच्या थोरल्या मुलीने उचलला. बाबा सकाळीच गेले, म्हणाली. "तुम्हीच गाडी पाठवली ना?"

मी कुणालाही पाठवलेलं नाही.

पोलीस चौकीत म्हणाले, लहान पोर आहे का, येईल. त्याच्या शेजारी घराघरांत विचारलं. कुणी काही पाहिलं नाही. दारं मात्र लगेच लागली.

१४ सप्टेंबर
सुनावणी. चित्रण सुरू होताच कंपनीचा वकील उठला आणि चेहरा झाकलेल्या साक्षीदाराला त्याच्या नावाने हाक मारली. बॉयलरवाला आत आला. अंगात नवा सदरा. वकिलाने माझ्याकडे बोट करून विचारलं, या बाईंना ओळखता का? "नाही," तो म्हणाला.

मला बोलायला सांगितलं. तो मुलींकडे सुखरूप घरी पोचायला हवा होता. मी गप्प बसले.