अकरा फूट चार इंच

सोमवार, ३
आले एकदाची स्वतःच्या घरात! तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतीत साधा खिळा ठोकायलाही परवानगी मागितली. आज पहिल्याच तासात सात ठोकले. खिडकीबाहेर भलाथोरला गुलमोहर आहे, कुणीतरी शोभेसाठी लावलेला. टेपने मोजलं, खोड भिंतीपासून अकरा फूट चार इंच. फारच जवळ. दादा फोनवर म्हणाला, विकून टाक, तुझ्याच्यानं निभावायचं नाही. म्हटलं, आता इथून हलणार नाही.

बुधवार, ५
छाटणीवाले काका आले. खोड थोपटत म्हणाले, वर्षाला चौथा हिस्साच काढायचा, तोही सगळीकडून सारखा. एकाच बाजूनं ओरबाडलं तर झाडाचा तोल जातो, मग ते मिळेल त्याला धरतं. मी म्हटलं, घर माझं, फांद्या माझ्या डोक्यावर. घराकडच्या सगळ्या आजच उतरवा. नाही-होय करत उतरवल्या बिचाऱ्यांनी. खोलीत कसं लख्ख ऊन आलं!

शनिवार, ८
दहा फूट नऊ. माझाच काहीतरी घोळ असणार, म्हणून तीनदा मोजलं. दहा फूट नऊच. फरशीखाली करकर ऐकू येते.

सोमवार, १०
आठ फूट दोन. झाड चालतंय म्हटल्यावर काका हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. एक खुंटी खोडाला लागून ठोकली, दुसरी आमच्या पायरीला लागून.

मंगळवार, ११
भर दुपार. खोडाजवळची खुंटी जागच्या जागी. पायरीजवळची पायरीखाली गडप. म्हणजे झाड नाही, घर सरकतंय. ते घराला ओढतंय. काका करवत तिथंच टाकून निघाले. ताई, चला म्हणाले. नाही गेले. भीती वाटते, खूप वाटते. पण तीस वर्षांनी मिळालेलं घर एका झाडाला देऊन टाकू?

गुरुवार, १३
चार फूट. फरशी फोडून मुळं वर आली. एक कापलं. घराला असा हिसका बसला की सातही खिळे खाली. दादा फोनवर रडला. निघ म्हणाला. नाही.
खिळे परत ठोकले.

शुक्रवार, १४
दार उघडलं तर समोर खोड. टेप लावायला जागाच नाही. मागच्या दाराला मुळांनी वेढलंय. खिडकीलाही—
करवत मांडीवर. खुर्ची माझी, भिंती माझ्या—
पहिला खिळा पडला. दुसरा—
ऐक रे माजोरड्या, काय करायचं ते कर. मी इथून हलणार ना—