दोन डावे पल्ले आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, जेवणाच्या टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. सहनशक्ती शाबूत नाही, पण कायदा तिची चौकशी करत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायचं तर घरातल्या दोन पुरुषांना आधी एकमेकांशी बोलून काय हवं ते ठरवावं लागलं असतं.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर आमच्या घरात राहत नाहीत.

या लेखात "हे" म्हणजे माझे यजमान. त्यांचं पूर्ण नाव वकीलबाईंनी सोबतच्या कागदावर घातलं आहे. लग्नापासून मी त्यांना नावाने हाक मारली नाही, आता सुरुवात करणार नाही. "भाऊजी" म्हणजे ह्यांचे थोरले बंधू, अविवाहित, राहणार वरचा मजला. "विमान" म्हणजे ते, ज्याचे भाग हॉलमध्ये, वरच्या व्हरांड्यात आणि माझ्या पलंगाखाली आहेत आणि जे अजून विमान झालेलं नाही.

कलम १. घर माझ्या वडिलांकडून मला आलं आहे. माझ्यानंतर ते माझ्या मुलीचं. मात्र हे आणि भाऊजी हयात असेपर्यंत दोघांनाही इथे राहण्याचा हक्क राहील आणि हॉलमधले पंख त्यांच्या मर्जीवाचून कोणी हलवायचे नाहीत. मुलगी फोनवर म्हणते, "आई, भंगारात घाल सगळं आणि मोकळी हो. जावई आला की त्याला पंखाखाली झोपवतेस." बाळ, भंगारवाला येऊन गेला. त्याने वजनावर भाव सांगितला. ह्यांनी सारी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात केली. त्यांनी त्याच्याच काट्यात खोट काढली. तो बिचारा पुन्हा या गल्लीत फिरकला नाही.

कलम २. दागिने, साड्या, माझी पुस्तकं आणि शिवणयंत्र मुलीला. शिवणाची मोठी कात्री कोणालाच नाही. तिने ह्यांनी पत्रा कापला. विचारलं तर म्हणाले, "धार बघत होतो." बघून झाली, आता धार नाही.

कलम ३. आता विमान. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी दोनदा चष्मा पुसला, पण ते गाळायला लावलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी जोडायच्या विमानाच्या सुट्या भागांची पहिली पेटी आली तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. दारात ट्रक, ट्रकात माणसाहून लांब लाकडी पेटी, आणि आमचे दोघे निवृत्त गृहस्थ वाढदिवसाच्या पोरांसारखे पायऱ्यांवर उभे. पेटी फोडली तर आत नुसता खाकी कागद! कागद उलगडेल तसा एकेक पत्रा निघायचा, चांदीसारखा, थंड, नव्या भांड्याचा वास असलेला. सोबतच्या यादीतून हे क्रमांक वाचायचे आणि भाऊजी तो भाग हात उंच करून दाखवायचे, "आहे!" मी वर्गात हजेरी घेत असे अगदी तशी. मला हसू आवरेना. एक छोटी पट्टी कुठे सापडेना, तर ह्यांनी "गैरहजर" असा शेरा मारला. ती पट्टी भाऊजींच्या बनियनला अडकली होती. तो सगळा खाकी कागद मी इस्त्री करून ठेवला आहे. तोही मुलीला. हसू नकोस.

मग भागांची तयारी सुरू झाली. पत्र्याला भोक पाडलं की कडेला बारीक धार राहते. ती घासून काढली नाही तर पुढे तिथूनच चीर जाते. हे काम माझ्याकडे आलं. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर कापडाची कड दुमडून झाली की डोळे मिटायला लावायच्या. "डोळ्यांना विचारू नका मुलींनो, बोटाला विचारा." मी प्रत्येक भोकाची कड बोटाला विचारून घासली. त्या पांढऱ्या झग्यातल्या बाई मला फार आठवल्या. त्यांना कळलं असतं की त्यांची विद्यार्थिनी म्हातारपणी पत्र्याला काठ घालते, तर त्यांनी गुण दिले असते की कान धरला असता, कोण जाणे.

पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग प्रायमरचा प्रश्न निघाला.

पत्रे जोडण्याआधी आतून प्रायमर लावायचा की नाही, एवढीच बाब. भाऊजींची हयात पाणीपुरवठ्यात गेली. त्यांना जगात गंजाखेरीज शत्रू नाही. ह्यांना वजनाखेरीज नाही.

"आतून गंज धरला तर बघायला आत तू शिरणार आहेस का?" भाऊजी.

"दादा, आपण विमान बांधतोय. पाण्याची टाकी नाही."

"टाक्या बांधल्यात मी, आणि एकही गळली नाही. तू आयुष्यभर दुसऱ्याचे काटे बघितलेस. स्वतः काय बांधलंस?"

हे उठले, शांतपणे बुटाची नाडी बांधली आणि म्हणाले, "ही."

मला हसू आलं, ते चुकलं. भाऊजींनी आपले पत्रे, आपला प्रायमरचा डबा आणि आपला ब्रश उचलला आणि वरच्या व्हरांड्यात बिऱ्हाड थाटलं. त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून दोघं बोललेले नाहीत.

विमानाच्या शेपटीला मागे दोन हलते पल्ले असतात, एक डावा, एक उजवा. त्यांच्या वर-खाली होण्याने विमानाचं नाक वर-खाली होतं. दोन्ही पल्ल्यांचे पत्रे येतात अगदी सारखे. भोकाच्या तोंडाशी पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं, म्हणजे रिव्हेटचं, डोकं बसायला खळगा दाबतात, तो कोणत्या अंगाने दाबला त्यावर पल्ला डावा की उजवा हे ठरतं. एकदा दाबला की परत नाही. हे खाली बसले होते, भाऊजी वर. कोणी कोणता करायचा, हे एकाने दुसऱ्याला विचारायचं होतं. जिन्याच्या अठरा पायऱ्या, नाहीतर एक हाक! कोणी मारली नाही. विमानासोबत आलेल्या बांधणीच्या पुस्तकात डाव्याची पानं आधी आहेत. दोघांनीही डावा केला.

दोन्ही सुरेख झाले आहेत. एक प्रायमरने आतबाहेर हिरवा, एक नुसता चांदीसारखा. ते हॉलच्या भिंतीवर टांगले आहेत आणि पाहुण्यांना सजावट वाटतात. "चूक त्यांची आहे, दुसरा त्यांनी मागवावा," असं दोघांचंही म्हणणं आहे. हे म्हणणं दोघांनीही मलाच सांगितलं.

कलम ४. सगळंच मला सांगतात. शस्त्रक्रियेचं कळलं त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना भाऊजी गाडी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मी मागे.

"वहिनी, त्यांना म्हणावं, काच वर करा. तुम्हाला वारा लागेल."

"तिला वारा हवा आहे, म्हणावं."

"वहिनी, तुम्हाला वारा हवा आहे का?"

मला रडायचं होतं. मला वारा हवा की नको यावर दोघांनी माझ्यामार्फत वाद घातला आणि माझं रडायचं राहून गेलं. याचा राग मी येथे नोंदवून ठेवते. तो कोणाच्याही नावे करत नाही, दोघांत समान वाटून देते.

माझी भीती एवढीच आहे. मला मरणाची म्हणाल तर फारशी नाही, शाळेत प्रार्थना पुष्कळ झाल्या आहेत. पण मी गेले तर त्या क्षणी या घरात बोलणं बंद होईल. वरून खाली निरोप जाणार नाही. एक म्हातारा वर, एक खाली, मध्ये एक रिकामा जिना. विमान व्हायचं नाही, हे तर सांगायलाच नको, पण मला विमानाचं दुःख नाही.

कलम ५. म्हणून हत्यारांची वाटणी अशी. रिव्हेट मारायला माणसं दोन लागतात. बाहेरून एकाने रिव्हेट गन चालवायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळ्यावाचून गन नुसता आवाज करते. इतकी वर्षं तो ठोकळा मी धरला, सकाळी वर, दुपारी खाली. माझी मनगटं साक्ष देतील. आता रिव्हेट गन, तिच्या सर्व तोंडांसह, भाऊजींना. ठोकळे, लहान-मोठे सगळे, ह्यांना. दोघांपैकी कोणीही दुसरी गन किंवा दुसरा ठोकळा विकत, उसना वा भाड्याने आणायचा नाही. आणल्यास घरात राहण्याचा त्याचा हक्क संपेल आणि माझी मुलगी त्याला आपल्या घरी नेईल. तिथे पंख ठेवायला जागा नाही आणि जेवणं वेळेवर होतात.

कलम ६. माझ्या बचतीतून उजव्या पल्ल्याचे पत्रे मागवायचे. मागणी मी स्वतः भरून वकीलबाईंकडे दिली आहे, त्यांनी ती माझ्यामागे पाठवायची. पेटीवर दोघांचीही नावं असतील आणि दोघांनी दारात येऊन सही केल्याखेरीज ट्रकवाला ती उतरवणार नाही, अशी व्यवस्था केली आहे. एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने भाग दाखवायचा. त्याला प्रायमर लावायचा की नाही, याबाबत मी काहीही लिहीत नाही. खुशाल भांडा. पण एकमेकांशी भांडा, माझ्या फोटोशी नाही. भिंतीवरच्या दोहोंपैकी कोणता डावा बसवायचा, हेही तसंच ठरवा. उरलेली बचत मुलीला.

कलम ७. आसनं. विमानात आसनं दोनच आहेत, शेजारी शेजारी. पहिल्या दिवसापासून हे मला सांगत आले आहेत, "दुसरं तुझं." मी कधी नाही म्हटलं नाही. खरं म्हणजे मला स्टुलावर चढून वरचा डबा काढायचीही भीती वाटते, पण कोणी आपल्यासाठी आकाशात जागा धरून ठेवतो आहे हे ऐकायला फार बरं वाटायचं, म्हणून दरवेळी पुन्हा ऐकून घेतलं. एवढी एक मिळकत माझी स्वतःची आहे, वडिलांची नाही, नवऱ्याच्या पगारातली नाही. ती मी भाऊजींना देते. ती त्यांनी नाकारायची नाही आणि ह्यांनी रिकामी ठेवायची नाही.

इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू यावं म्हणून दोघांनीही कानाला बोलण्या-ऐकण्याचं यंत्र लावायचं असतं, असं पुस्तकात दिलं आहे. मागे निरोप्याला जागा नाही. मी सांगाड्यात स्वतः शिरून पाहिलं आहे.

मी शस्त्रक्रियेतून बरी होऊन घरी आले, तर कलम ५, ६ आणि ७ त्या दिवसापासूनच लागू समजावेत. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राने असं होत नाही. मी म्हणते, या घरात होईल.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले, आमचे डॉक्टर: "बाईंनी माझ्यासमोर सही केली. नाडी नियमित, बुद्धी उत्तम, आवाज चढलेला."

साक्षीदार दुसरे, कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाचे मालक: "बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला यात काही मिळायचं नाही, हे मला समजावून सांगितलं. प्रायमर कोणाच्या बाजूने हे विचारलं, मी उत्तर दिलेलं नाही."

ठिकाण: राहतं घर, तळमजला
दिनांक: १४ सप्टेंबर २०१९