कमानीखाली डोळे मिटायचे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. लग्नाची मेंदी पुरती गेली नसेल, तोवर नवऱ्याला घेऊन माहेरी फिरायला यायचं म्हणतेस, तेही पाहुण्यांसारखं, हॉटेलात उतरून! बाबा म्हणाले, "बघ, आता आपलीच पोर गिऱ्हाईक होऊन येणार." दोघंही खूप हसलो. मग मी तुझ्या प्रश्नाकडे वळले. या जुन्या शहरात जोडप्याने काय काय करावं, हे मी अर्धं आयुष्य आपल्या होडीत बसणाऱ्या परक्यांना सांगत आले आणि पोटच्या पोरीला सांगायची वेळ आली तर माझं घोडं अडलं. फोनवर हे सगळं बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

सकाळी ऊन तापायच्या आत जुन्या तटबंदीवर जा. सगळे जिथे फोटो काढत उभे असतात तिथे थांबू नका, थोडं पुढे चला. तिथे तटाचे दगड असे ढासळलेत की दोघांपुरता बाक आपोआप तयार झालाय. खाली नदी, पलीकडे गावाची सगळी छपरं. जावईबापूंना भिंतीवर नाव कोरायची हुक्की आली तर हात धर त्यांचा. दुपारी राजबागेतल्या झुडपांच्या भूलभुलैयात शिरा, फक्त वाट चुकली तर कोणामुळे चुकली यावरून भांडू नका. तिथून तोंड फुगवून बाहेर पडलेली जोडपी मी डझनांनी पाहिली आहेत. एक दिवस जोडसायकल घेऊन नदीकाठच्या कुरणापर्यंत जा, सोबत खायचं घेऊन. मागच्या सीटवर तू बस. मागच्याने पाय मारले नाहीत तरी पुढच्याला पत्ता लागत नाही, हे मी तुला आई म्हणून सांगते.

आता तू म्हणशील, आई, होडीचं काय? पत्रात तू सगळ्यात जास्त तेच लिहिलं आहेस. संध्याकाळची फेरी, बाबांचं वल्हं, माझ्या गोष्टी, आणि जुन्या पुलाच्या कमानीखाली दोघांनी डोळे मिटून एकमेकांविषयी मनात एक गोष्ट धरायची, ती कोणाला सांगायची नाही. कुठल्याशा फोटोखाली म्हणे लिहिलं होतं की ही इथली शेकडो वर्षांची रीत आहे. तू लहान असताना ही रीत कशी नव्हती, असा प्रश्न तुला पडला नाही याचंच मला नवल वाटतं. बये, ती रीत मी काढली. गेल्या वर्षी.

कशासाठी काढली ते सांगते. बाबांचा चष्मा बदलला असं आम्ही तुला सांगितलं होतं ना, ते खोटं. चष्म्याने भागण्यासारखं काही राहिलेलं नाही. समोर पाहिलं की मधोमध सगळं पुसल्यासारखं होतं, कडेकडेचं तेवढं थोडं दिसतं. तुझ्या लग्नात त्यांनी तुझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि तू म्हणालीस, बाबा लाजतायत. ते कडेच्या नजरेने तुझा चेहरा शोधत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गेलेलं परत येणार नाही, आणि होडी तर चालवूच नका. दवाखान्यातून आम्ही थेट घाटाच्या पायऱ्या उतरलो. मग बाबांनी होडीची दोरी सोडली आणि मी आत जाऊन बसले. झालं, ठरलं.

पूर्वी मी पुढे उभी राहून गोष्टी सांगायची, तुला आठवत असेल. आता गुडघे दुखतात असं सांगून मागे बाबांच्या शेजारी बसते. पाहुण्यांची तोंडं पुढे असतात. मी त्यांचा डावा गुडघा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे, दोन्ही दाबले की थांबा. उघड्या नदीवर याचीही फारशी गरज लागत नाही. बाबांना पाण्याची ओढ वल्ह्यातून कळते. खरं सांगू, घरात ते दाराच्या चौकटीला धडकतात, चहाचा कप हाताने चाचपतात आणि कोणी मदत केली की चिडतात. होडीत बसले की पाठ ताठ होते, आवाज मोठा होतो, पाहुण्यांची थट्टा सुरू होते. होडीत चढतानाच नवरा-बायकोचं लग्न किती जुनं आहे ते ओळखून दाखवतात. बायकोला हात दिला तर नवं, बायकोकडे पिशवी दिली तर जुनं. त्यांना दिसत काही नाही, मी कानात सांगते, पण हशा त्यांचा असतो. तो हशा त्यांच्याकडून काढून घ्यायचं माझ्या जिवावर यायचं.

अडचण कमानीची होती. उन्हातून एकदम अंधारात शिरलं की त्यांचं उरलंसुरलं दिसणंही जातं, जागा अरुंद, आणि नेमकी तिथेच पाहुण्यांना मागे वळून फोटो काढायची घाई. माझे हात बाबांच्या गुडघ्यांवर, आणि बाबा शून्यात बघतायत, हे कोणी पाहिलं असतं तर? म्हणून एका संध्याकाळी मी ठोकून दिलं की इथे जोडप्यांनी डोळे मिटायचे असतात. लोकांना ते इतकं आवडलं म्हणून सांगू! एक बाई तर रडली. महिन्याभरात इतर होडीवाले तेच सांगायला लागले, पुढे माहितीपत्रकात छापून आलं. बाबा गमतीने म्हणायचे, "आंधळा मी, आणि डोळे सगळ्या गावाने मिटलेत." मीही हसायची. हसण्यावारी नेलं नसतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा. मनोऱ्यावरचं घड्याळ मागे आहे म्हणून वाटभर हसत होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, ओढ जास्त होती. कमानीत शिरलो, दोघांनी डोळे मिटले. ती मुलगी मनात गोष्ट धरता धरता ओठ हलवत होती, आणि मी बाबांचा गुडघा दाबायचा सोडून तिच्याकडे बघत राहिले. क्षणभरच. होडी दगडाला घासली. त्याचा हात होडीच्या काठावर होता.

दोन बोटं चिरडली गं. त्याने ओरडूसुद्धा दिलं नाही स्वतःला, हात काखेत दाबून "काही नाही, काही नाही" म्हणत राहिला. बाबांना मी सांगितलं की लाकूड घासलं आणि मुलीला गरगरतंय, तिला दवाखान्यात नेते. तिथे तो मुलगा मलाच समजावत होता, "काकू, चूक माझी, हात आत घ्यायला हवा होता." मी त्याला शिकवून ठेवलं होतं की डोळे मिट, आणि तो मलाच समजावत होता!  त्याला आत नेताना त्याची बायको दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "त्यांना दिसत नाही ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. एक बोट कदाचित पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घड्याळवाल्याचं बोट.

घरी आले तर बाबांनी विचारलं, "पोरीला बरं वाटलं का?" मी हो म्हटलं आणि भाजी चिरायला बसले. यापेक्षा वाईट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा होडीत बसले, आणि कमान आली तेव्हा नव्या जोडप्याला सांगितलं की डोळे मिटायचे आणि एकमेकांचे दोन्ही हात घट्ट धरायचे. रीतीत भर घातली. त्यांना तेही फार आवडलं.

मग तुझं पत्र आलं. आम्हालाही डोळे मिटायचेत, लिहिलं होतंस.  मनात पहिला शब्द आला तो "नाही". माझ्या लेकीला आणि जावयाला मी त्या होडीत बसू देणार नाही, मग कोणी काहीही म्हणो. आणि दुसऱ्याच क्षणाला वाटलं, अगं, त्या घड्याळवाल्याच्या आईलाही कोणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? तेव्हापासून रोज वेगळी सबब सांगून मी बाबांना घाटापासून लांब ठेवते आहे. पाठ धरली, पाहुणे आले नाहीत, तळाला गळती आहे. ते ऐकतात आणि ओसरीवर जाऊन बसतात. त्यांना काय वाटतंय हे विचारायचं धैर्य मला होत नाही. मी त्यांच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण "तुम्ही आता थांबा" हे तीन शब्द त्यांच्या तोंडावर बोलायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलून स्वयंपाकघरात निघून जाते.

तेव्हा भिंगरे, राग मानू नकोस, हे पत्र खरं तर तुला लिहिलेलंच नाही. तुला जाणारं प्रत्येक पत्र पाकिटात घालण्याआधी बाबा वाचतात, अगदी तू पहिल्यांदा घर सोडून शिकायला गेलीस तेव्हापासून. हल्ली मी मोठ्याने वाचते आणि ते ऐकतात. मला समोरासमोर बोलता येत नाही, पण लिहिलेलं वाचून दाखवता येतं. त्या मुलाच्या बोटांचं त्यांना अजून ठाऊक नाही, ते त्यांना इथेच पहिल्यांदा कळेल. मध्येच ते उठून गेले तर मी थांबेन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच वाचेन, पण पूर्ण ऐकवल्याशिवाय हे पाकिटात घालणार नाही. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं तर समज, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आता ते ओसरीवर वल्ह्याला तेल लावत बसले आहेत. त्यांना आत हाक मारते.

तुझीच,
आई