मास्तरांचं भरीत आणि मागचं दार

जळगाव,
रंगपंचमीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप सुंदरअक्का,

धाकट्या कुंदनचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढा, उरलेला समजून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजी अजून डॉक्टरलाच औषध सुचवतात का? इकडे सगळे खुशाल. खुशाल कसले, अक्का, आम्ही जिंकलो! केंद्र वाचलं! माझ्या लग्नात सगळे ‘काय रुबाब, काय रुबाब’ करत होते तेव्हा ‘फेटा वाकडा आहे’ म्हणणारी तू एकटीच, म्हणून ही बातमी आधी तुला.

तुला ठाऊकच आहे, मुख्याध्यापकी संपली तसं तुझ्या भावजयीनं मला उत्तमचंदशेठच्या ट्रस्टच्या कुटुंब सल्ला केंद्रात धाडलं (घरात जरा शांतता हवी म्हणाली, कशाची ते कळलं नाही). तिथे मी आणि शहनाजताई लोकांची घरातली भांडणं मिटवतो. भांडण काही एका बैठकीत मिटत नाही, आणि आमच्याकडे एकदा आलेलं जोडपं दुसऱ्यांदा फिरकत नव्हतं. दिवाळीत शेठ म्हणाले, “मास्तर, गिऱ्हाईक माझ्या डाळीला छान म्हणतं का हे मी बघत नाही, परत येतं का ते बघतो. होळीपर्यंत फरक दाखवा, नाहीतर हॉल मोकळा करा. मला पोती ठेवायला जागा हवीच आहे.” माझी झोपच उडाली ग! शाळा सुटल्यावर ते केंद्र म्हणजेच मी होतो.

मग आम्ही लोकांनाच विचारायचं ठरवलं. हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्याची कार्डं छापली, एकावर खूण करा म्हटलं. सगळ्यांनी हसऱ्यावर केली. (एका आजींनी तर हसऱ्याला टिकली लावून दिली.) तोंडी विचारावं तर ‘छान’. रडत आलेली बाई रडतच निघाली तरी दारात ‘छान’! ज्याच्याकडे चहा प्यायलो त्याला तोंडावर वाईट कसं म्हणायचं, ही आपल्या लोकांची रीत. सूचनांची पेटी लावली, तीत एक एस.टी.चं तिकीट आणि कुणाच्या तरी जावळाचं आमंत्रण निघालं (जाऊन आलो, बुंदी चांगली होती). शेवटी घरोघरी फोन लावले. दिपमाला नावाची एक सून गुपचूप येऊन गेली होती. तिच्या घरी फोन सासूनं उचलला, आणि मी आपला ‘कुटुंब सल्ला केंद्रातून बोलतोय’ असं शाळेच्या आवाजात खणखणीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी भांडत दारात हजर. मी ती परत येणाऱ्यांतली वाढ म्हणून धरली. शहनाजताईंनी कपाळावर हात मारला.

आता लोकांचा रुसवा काढायला म्हणून जानेवारीत शेठच्या पहूरच्या मळ्यात सगळ्यांना भरीत पार्टीला बोलावलं. वांगी मी स्वतः भाजली, स्वतः ठेचली. आणि अक्का, खानदेशी माणूस जगात सगळ्याला छान म्हणेल, भरताला म्हणणार नाही! पहिल्याच घासाला दिपमालाची सासू (तुमच्या धुळ्याकडचीच) कडाडली, “मास्तर, मीठ कमी शे, वांगं कच्चं शे, बठ्ठं वाया गयं. तुमना केंद्रनं बी असंच शे!” मग जे सुरू झालं! केंद्रात थांबायचं बाकडं रस्त्यावर, आणि समोर सराफाचं दुकान. लग्नसराईत सगळे नातेवाईक तिथेच, म्हणजे घरचं भांडण जाहीरच झालं की. सासू-सून तासभर एकाच बाकड्यावर, म्हणजे मिटायच्या आधी नवं भांडण. पाइपच्या कारखान्यातला नईम म्हणाला, सकाळी अकराला यायचं तर अर्धा दिवस बुडतो, आणि मग त्याच्यावरून बायकोशी पुन्हा वाजतं. चौथीही एक तक्रार होती, पण ती किरकोळ, ती राहू दे. शहनाजताईंनी सगळं टिपून घेतलं. मी वांगी परत विस्तवावर ठेवली.

आम्ही मागचं दार, वेगळ्या खोल्या आणि संध्याकाळची वेळ मागितली, तर शेठ म्हणाले, नुसत्या बोलण्यावर काही बदलणार नाही. शेतात कसं अर्ध्यात जुनं बियाणं, अर्ध्यात नवं लावून बघतात, तसं करा. म्हणून सोमवारी पुढचं दार, सकाळची वेळ, मी जातीनं हजर. गुरुवारी डाळमिलकडचं मागचं दार, संध्याकाळची वेळ, सासू एका खोलीत, सून दुसऱ्या (मिलच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकूही जात नाही). अक्का, सोमवारचं बाकडं ओस, आणि गुरुवारी नईम आणि त्याची बायको अर्शी परत आले, दिपमाला परत आली, तिची सासू तर स्वतःहून डबा घेऊन आली! एका गुरुवारी तोंडावर रुमाल धरून एक प्रतिष्ठित जोडपं मागच्या दारानं आत शिरलं. कोण ते सांगणं आमच्या नियमात बसत नाही. एवढंच सांगतो की हॉल त्यांचाच आहे. पुढच्या गुरुवारी ते रुमालाशिवाय आले. होळीच्या दिवशी शेठनी पोत्यांसाठी दुसरी जागा बघितली आणि माझ्या गालाला स्वतःच्या हातानं गुलाल लावला. मी रडलो, लपवत नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा विजयी धाकटा,
कुंदन

ता. क. चौथी तक्रार तुझ्यापासून लपवून काय करू? ‘मास्तर आम्हाला बोलूच देत नाहीत.’ दर गुरुवारी संध्याकाळी माझी दातांच्या डॉक्टरांकडे फेरी असते, तेव्हा शहनाजताई एकट्याच बसायच्या. म्हणजे लोक मागच्या दारामुळे परत आले की मी नसल्यामुळे, हे काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. मग परीक्षा कशाला म्हणून दोन्ही केलं, सोमवारीही मागचं दार उघडलं आणि मला बाहेर बसवलं. सोमवारही भरला.

दुसरी ता. क. आता माझ्याकडे चहाचं खातं आहे. मन लावून करतो, आलं स्वतः किसतो. कसा झाला विचारलं की सगळे म्हणतात, छान. अक्का, गुडघा जरा बरा असला तर मिळेल त्या गाडीनं ये आणि एक कप पिऊन बघ.